ताई म्हणते, दार चुकलंय

१२ जून

चि. पेन्सिल हिला मामाचे आशीर्वाद.

तू गेलीस तेव्हापासून दुकानातला बाक रिकामा आहे. म्हणजे गिऱ्हाइकं बसतात, पण त्याला काही बसणं म्हणत नाहीत. पाय पसरून पेपर वाचतात आणि तुझा कोपरा मोकळा दिसला की तिथे छत्री उभी करतात. काल एकाची छत्री मी उचलून बाहेर ठेवली. तो म्हणाला, "इथे कोणी बसतं का?" मी म्हटलं, "बसते एक." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दाढी न करताच गेला.

आता कामाचं. ताईने, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलंय. पत्र लिहिलं की राग गेला असा त्याचा अर्थ होतो, आणि राग तर अजून पुरता आलेलाच नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हा निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. निरोप असा: शाळेतल्या चित्रकलेच्या बाई दोन वर्षांनी उन्हाळ्यात निवृत्त होताहेत. मुख्याध्यापिका ती जागा तुझ्यासाठी धरून ठेवायला तयार आहेत. तोवर तुझं नाव सिनेमाच्या पडद्यावर दिसलं, तर ताई एक अक्षर बोलणार नाही. नाही दिसलं, तर तू मुकाट्याने परत यायचं आणि पोरांकडून फुलदाण्या काढून घ्यायच्या. नाव तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. "ऐकीव चालणार नाही," हे माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली. का ते कळलं नाही.

हे सगळं मी जुळवून आणलं हे विसरू नकोस. तुला जाऊ द्यावं म्हणून मी ताईसमोर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. लगेच उतरवला, पण चढला होता. तू हात हलवत परत आलीस तर उरलेला जन्म मला ऐकून घ्यावं लागेल. तेव्हा नाव आण. स्वतःसाठी नको वाटलं तर माझ्यासाठी आण.

आणि कानामागे पेन्सिल खोचून रस्त्याने हिंडू नकोस. इथे सगळे ओळखतात. तिथे सुतार समजतील आणि दरवाजे दाखवायला घरी नेतील.

तुझा
मामा

३० जून

मामा,

मी सुखरूप आहे आणि सिनेमात आहे. म्हणजे सिनेमाच्या ऑफिसात आहे. म्हणजे ऑफिसच्या जिन्याखाली एक टेबल आहे, तिथे आहे. वरून कोणी उतरलं की माझ्या कागदावर धूळ पडते. किती पडली यावरून कोण उतरलं ते मला आता न बघता सांगता येतं.

सध्याचं काम फरशी पुसायच्या औषधाच्या जाहिरातीचं. फरशीवर डाग बघून एका बाईला दुःख होतं, औषध टाकल्यावर सुख होतं, असं काढायचं होतं. दुःख पहिल्या झटक्यात जमलं. सुख बघून ते म्हणाले, ही बाई जरा जास्तच हुशार दिसते, ती औषध घेणार नाही. तिला थोडी कमी हुशार करून दिली.

आईला सांग, काम सिनेमाचंच आहे. फरशीचं काही बोलू नकोस. फरशीच पुसायची होती तर घरी काय कमी होती, असं म्हणेल.

बाकावरच्या कोपऱ्याची आठवण काढलीस म्हणून लिहिते. शाळा सुटल्यावर तिथे बसून चित्रं काढायचे, तो माझा दिवसातला चांगला वेळ. शेजारच्या औषधवाल्याच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजू, तुझी तुटकी पेन्सिल आणि समोर मोठा आरसा. मग दवाखान्यातली ड्यूटी संपवून आई यायची. आत यायची नाही, बसायची नाही, बोलायची नाही. दारात उभी. मला आरशात दिसायची आणि माझा हात घाई करायला लागायचा. अजूनही कोणी मागे येऊन उभं राहिलं की हात घाई करतो. इथे जिन्याखाली मागे भिंत आहे, हे एक बरं आहे.

तुझी
पेन्सिल

८ ऑगस्ट

मामा,

जिन्याखालून वर आले. वर्षाहून जास्त लागलं, आणि जिना काही फार उंच नाही.

इथल्या एका दिग्दर्शकांना कॅमेरा लावायच्या आधी सगळा सिनेमा कागदावर बघायची सवय आहे. चौकोन आखायचे आणि कॅमेरा जे बघणार ते आपण आधी त्यात काढून द्यायचं. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. त्यांचा आधीचा चित्रकार चेहरे फार हुबेहूब काढायचा. त्यात हिरोला स्वतःचं नाक दिसलं आणि हिरॉइनला वय. त्याला नारळ मिळाला. मग माझी वही मागवली. माझी माणसं सगळी पाठमोरी. दिग्दर्शक बराच वेळ पानं उलटत होते. शेवटी म्हणाले, "यात रागवायला कोणी सापडत नाही," आणि मला ठेवून घेतलं. ऑफिसात आता याला माझी शैली म्हणतात. लहानपणी समोर फक्त माना होत्या आणि आरशातले चेहरे साबणाच्या फेसात होते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

खरी बातमी पुढे आहे. सिनेमा एका न्हाव्याचा आहे. तो आयुष्यभर गावातल्या प्रत्येकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो आणि कोणावरही राग काढत नाही. शेवटी काय होतं ते दिग्दर्शकांना अजून माहीत नाही. मी म्हटलं, मी सलूनमध्येच वाढले. माझ्या बालपणाचा कोणाला उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ. दुकानही मीच काढून द्यायचं ठरलं आणि त्यावरून सेट बांधणार. नाव पडद्यावर येणार, असं दिग्दर्शक तोंडाने म्हणालेत. आईला तोंडाने सांगितलेलं चालत नाही, म्हणून तिला एवढ्यात सांगू नकोस.

सोबत एक चित्र आहे. आरशाकडे पाठ करून उभं राहिलं की समोर जी भिंत दिसते ती: दार, खिडकी, बाक, कॅलेंडर, घड्याळ. नीट तपास. चूक असेल तर आत्ताच सांग, प्लायवुड कापल्यावर सांगून उपयोग नाही. आणि दुकानाचा बाहेरून एक फोटो पाठव. रस्त्यावरचं शूटिंग तसंच दिसणारं एखादं दुकान शोधून त्याच्यासमोर करणार आहेत.

तुझी
पेन्सिल

२१ ऑगस्ट

चि. पेन्सिल,

चित्र पोचलं. मी ते आरशाच्या कडेला खोचलं आणि दोन दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. एकजण म्हणाला, बाकाखालची वीटसुद्धा काढलीय. दुसरा म्हणाला, घड्याळ मागे पडलेलं आहे तेही तेवढंच मागे. मी स्वतः एक एक वस्तू बोट ठेवून तपासली. गिऱ्हाईक आत येताना मला जसं दिसतं, अगदी तसंच. हुबेहूब आहे. काडीचाही बदल करू नकोस.

ताईलाही दाखवलं. तिने चष्मा लावला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, "दार चुकलंय." मी म्हटलं, "ताई, या दुकानात मी चाळीस वर्षं उभा आहे." ती म्हणाली, "म्हणूनच." याचा अर्थ काय ते तिचं तिलाच ठाऊक. दवाखान्यात राहून राहून प्रत्येकात दुखणं शोधायची सवय लागते. तू मनावर घेऊ नकोस.

फोटो शेजारच्या औषधवाल्याने काढला. त्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे आणि त्यापेक्षा चांगला स्वतःबद्दलचा समज. मी दारात उभा राहिलो. तो म्हणाला, नैसर्गिक राहा. मी पंधरा मिनिटं नैसर्गिक राहिलो, त्यात माझी मान अवघडली. फोटोत मी कोणाचीतरी वाट बघत असल्यासारखा दिसतो, पण दुकान चांगलं आलंय.

सिनेमातला न्हावी वस्तरा कसा धरतो ते बघ. अंगठा चुकला की मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुझा
मामा

३ नोव्हेंबर

मामा,

सेट उभा राहतोय. एका मोठ्या शेडमध्ये आपलं दुकान आहे आणि त्याला छप्पर नाही. वरून दिवे लोंबतात. मी बाकावर बसून पाहिलं. सुतारांनी बाक इतका भक्कम केला होता की पाय मुद्दाम तोडून खाली वीट घालावी लागली. सुताराला वाईट वाटलं. मी कोपऱ्यात बसले आणि क्षणभर वस्तऱ्याचा आवाजच येतोय असं वाटलं. मला रडू आलं, मामा. प्लायवुडच्या वासाने डोळे चुरचुरतात असं सांगितलं.

आर्ट डायरेक्टर म्हणून एक गृहस्थ आहेत, सेट त्यांच्या हाताखाली होतो. त्यांना माझं दुकान आवडलं नाही. त्यांनी आधी एक दुकान काढलं होतं, त्यात कारंजं होतं.

एक गंमत. चौकोन काढता काढता मी एका चौकोनात दारात उभी असलेली बाई काढली. हातात कापडी पिशवी, आत न येणारी. का काढली ते सांगता येणार नाही, हात तिकडे गेला. दिग्दर्शक म्हणाले, "ही कोण?" मी म्हटलं, "मुलीला न्यायला आलेली आई." त्यांनी विचारलं, "मुलगी कुठाय?" मी म्हटलं, "चित्रात नाही." ते दिवसभर त्या चौकोनापाशी घुटमळत होते. संध्याकाळी म्हणाले, ही न्हाव्याची जुनी प्रेयसी करू. मी म्हटलं, तिच्या पिशवीत दवाखान्याचा डबा आहे. ते म्हणाले, "मग राहू दे, कोणी का असेना, पण असू दे." असं तिचं काम नक्की झालं.

आईला यातलं काही बोलू नकोस. मी तिला तोंड वाकडं करून उभी असलेली काढलीय.

तुझी
पेन्सिल

६ जानेवारी

चि. पेन्सिल,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कामात असेल. दुसऱ्यात वाटलं, नाव झालं, आता मामा कशाला आठवेल. तिसऱ्यापासून मी काही वाटून घेत नाही, फक्त पोस्टमनची दाढी फुकट करतो.

ताई विचारते. तोंडाने नाही विचारत. दुकानावरून जाताना चाल हळू करते. मी मान हलवतो, ती पुढे जाते.

चार ओळी टाक. बरी नसशील तर तसं लिही. ताई नर्स आहे आणि मी घाबरट, दोघांचंही काम होईल.

मामा

११ जानेवारी

मामा,

आईचं बरोबर होतं. दार चुकलंय.

कसं ते सांगते, कारण मलाच समजायला वेळ लागला. रस्त्यावरचं शूटिंग आधी उरकलं. तुझ्या फोटोसारखंच दुकान मिळालं होतं. हिरो बाहेरून चालत येतो, दार ढकलतो, आत शिरतो. बाहेरून बघितलं तर दार डाव्या टोकाला. मग तेच दार आतून उजव्या टोकाला दिसायला पाहिजे. महिन्यापूर्वी सेटवर पहिला शॉट लावला तेव्हा कॅमेरामन म्हणाला, "हा माणूस एका दारातून शिरला आणि दुसऱ्याच दारातून आत आला." सगळे भिंतीकडे बघायला लागले. दार डाव्या टोकाला. खिडकी, बाक, घड्याळ, सगळं उलट्या बाजूला. आख्खं दुकान उलटं बांधलंय, मामा, आणि वीटसुद्धा बरोबर उलट्या पायाखाली आहे.

मी ती भिंत जन्मात कधी समोरून पाहिलेली नाही. बाक तिला टेकून असतो. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि जे काढायचे ते आरशातलं. आणि तू तपासलंस म्हणून मी निर्धास्त होते.

आता हिरोच्या तारखा संपत आल्यात. सेट मोडून परत बांधायला तेवढे दिवस नाहीत. आर्ट डायरेक्टर म्हणतात, कारंजं असतं तर ते मधोमध असतं आणि हे झालंच नसतं. दिग्दर्शक तेव्हापासून माझ्याकडे बघतही नाहीत. सोमवारी मीटिंग आहे. त्यात मला काढणार हे चहा देणाऱ्यालाही माहीत आहे, कारण काल त्याने मला स्वतःहून दोनदा चहा दिला.

म्हणून पत्र लिहिलं नव्हतं. काय लिहिणार? मुख्याध्यापिकांची जागा अजून आहे का ते विचारून ठेव. आईला कळू न देता.

पेन्सिल

१३ जानेवारी

पेन्सिल,

तुझं पत्र वाचलं, वस्तरा खाली ठेवला आणि वळून दाराकडे पाहिलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दार बघतोय. दार उजवीकडे आहे. चाळीस वर्षांत मी एकदाही वळलो नव्हतो. कोण आलं, कोण गेलं, कोण उधारी चुकवून दारावरूनच पसार झालं, सगळं मी आरशातच बघत आलो. सकाळी आत येताना दाराकडे पाठ असते आणि रात्री बाहेर पडताना लक्ष कुलपाकडे. तू चुकलीस ते माझ्या दुकानात चुकलीस आणि वर मी बोट ठेवून शिक्का मारला. तेव्हा अर्धी चूक माझी आहे असं मीटिंगमध्ये सांग. पत्ता दे माझा.

मुख्याध्यापिकांना मी काहीही विचारणार नाही. विचारलं की ताईला कळतं, ते दोन्हीकडचं एकच तोंड आहे.

मला सिनेमातलं कळत नाही. पण एक आठवलं ते लिहितो. तू तिसरीत होतीस. दाढी-कटिंगच्या भावाची पाटी दाराच्या भिंतीवर होती आणि खुर्चीतल्या माणसाला ती आरशात उलटी दिसायची, म्हणून प्रत्येकजण भाव विचारायचा. तू कोणाला न विचारता नवी पाटी लिहिलीस, सगळी अक्षरं उलटी. आरशात सुलटी. त्याच महिन्यात शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी अक्षरं उलटी काढते, डोक्याला काही आहे का. ताई शाळेत जाऊन काय बोलली माहीत नाही, पण पुन्हा चिठ्ठी आली नाही. पाटी अजून आहे. चाळीस वर्षांत माझ्या धंद्यात झालेली ती एकच सुधारणा.

तर मला असं वाटतं, दुकान उलटं झालंय तर झालंय. माझ्या गिऱ्हाइकाला आरसा असतो म्हणून उलटं चालतं. तुमच्या त्या एवढ्या मोठ्या सिनेमावाल्यांकडे एखादा आरसा नाही का? हसायचं असेल तर हस. पण सोमवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र मी स्वतः स्टेशनवर जाऊन टाकतोय.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

हसले नाही. पत्र सोमवारी सकाळी मिळालं, मीटिंगच्या आधी. मी ते तसंच घेऊन आत गेले आणि दिग्दर्शकांना म्हटलं, आरसा आहे. आत जे काही शूट होईल ते नंतर आडवं पलटवायचं, डावं ते उजवं. दार आपोआप जागेवर जाईल. कॅमेरामन म्हणाला, पलटवता येतं, त्यात काही नाही, पण मग कॅलेंडर, बाटल्या, पेपर, पाट्या, सगळी अक्षरं उलटी होतील. मी म्हटलं, मी ती आधीच उलटी लिहून देते. त्यांनी एक कागद पुढे केला. मी त्यावर उलट्या अक्षरात लिहिलं: मला चहा नको. त्यांनी कागद खिडकीच्या काचेला उलटा लावून वाचला. दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं, महिनाभरात पहिल्यांदा.

गेले दोन आठवडे मी साबणाच्या वड्यांपासून कॅलेंडरातल्या तारखांपर्यंत सगळं उलटं लिहिलंय. फक्त भावाची पाटी सुलटी लिहिली, म्हणजे पडद्यावर ती तुझ्या दुकानातल्यासारखी उलटी दिसेल. घड्याळ उलटं चालेना, ते बंद ठेवलं. हिरोच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला शिवली आणि भांग दुसरीकडे पाडला. त्याच्या मते त्याची डावी बाजू देखणी आहे. ती आता उजवी होणार म्हणून त्याने अर्धा दिवस काम बंद ठेवलं. वस्तरा त्याला डाव्या हातात धरावा लागतो. पाहुण्या कलाकाराच्या कानावरचा फेस त्याने इतक्या भीत भीत काढला की दिग्दर्शक म्हणाले, वा, काय भावना आहे. अंगठ्याचं मी सांगितलं होतं, पण डावा अंगठा कुठे असतो ते मलाही माहीत नव्हतं.

मी राहिले, मामा. तुझ्या पाटीमुळे राहिले. ते पत्र मी कंपासपेटीत ठेवलंय.

तुझी
पेन्सिल

२० मे

मामा,

सिनेमा शुक्रवारी लागतोय, तुमच्याकडेही लागणार.

नाव नाही.

नावांची यादी आर्ट डायरेक्टरांकडून गेली. ते म्हणाले, सेट तिच्यामुळे उलटा झाला, तिचं नाव घातलं तर आमच्या सगळ्यांच्या कामाला बट्टा लागेल. दिग्दर्शकांना उशिरा कळलं. त्यांनी पुढच्या सिनेमाचं काम मला दिलंय, नावासकट, लेखी. पण तो पुढच्या वर्षी. आईची मुदत या उन्हाळ्यात संपते.

मला परत यायचं नाही. हे आजवर मी स्पष्ट लिहिलं नव्हतं, आज लिहिते. फुलदाणी मला चांगली काढता येते, पण मला परत यायचं नाही. आईला दिलेला शब्द मोडायचाही नाही. काय करू ते सुचत नाही. तू तिला सिनेमाला नेऊ नकोस एवढं कर.

पेन्सिल

३१ मे

चि. पेन्सिल हिला विजयी आशीर्वाद.

न नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी दुकानातून निघालो तेव्हा ती तिकिटं घेऊन समोर उभी होती. औषधवालाही आला, फोटो त्याचा म्हणून.

माझा बेत तयार होता. नावं शेवटी येतात हे मी आदल्या दिवशी दुपारच्या खेळाला जाऊन बघून आलो होतो. ताईचा चष्मा पर्समध्ये असतो. सिनेमा संपत आला तसा मी तिला म्हटलं, ताई, पर्स जड असेल, दे इकडे. तिने दिली. नावं सुरू झाली, मुंग्यांसारखी वर वर निघाली. मी एकदम ओरडलो, "ते बघ, आलं आलं, गेलं!" औषधवाला म्हणाला, "कुठे?" त्याला मी पायावर पाय देऊन गप्प केलं. ताई डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "दिसलं." बस, मुदत संपली, शब्द राहिला. मुख्याध्यापिकांनी बसावं आता जागा धरून. खोटं बोलताना माझा हात थरथरला नाही. इतक्या वर्षांचा धंदा आहे.

सिनेमा चांगला आहे. मला दोनदा गहिवरून आलं, एकदा बाकाखालची वीट बघून आणि एकदा पाटी बघून. हिरोचा वस्तरा बघवत नाही, पण तो भाग डोळे मिटून काढला. एकच सांगतो, रागावू नकोस. इतके कष्ट घेतलेत आणि तरी शेवटी दार उलट्याच बाजूला वाटतं. आख्खं दुकानच उलटं दिसतं. मी ताईला काही बोललो नाही.

तुझा
मामा

२ जून

प्रिय मुली,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हे लिहिते आहे.

तुझ्या मामाला वाटतं त्याने मला फसवलं. वाटू दे, त्याची तब्येत चांगली राहते. माझा दुसरा चष्मा ब्लाउजला अडकवलेला होता. नावं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चहावाल्याचं होतं. तुझं नव्हतं.

दार बरोबर आहे. मामाचं ऐकू नकोस, त्याला आयुष्यात कोणतीच गोष्ट समोरून दिसलेली नाही. त्या दारात मी रोज उभी राहिले आहे, मला माहीत आहे.

मी पडद्यावर आले तेव्हा मला आधी कळलं नाही. मग पिशवी बघितली. उजव्या हातात, बंद दोनदा गुंडाळलेला. तसाच असायचा. त्या बाईला उगाच पावडर फासली आहे, पण उभी बरोबर राहिली आहे, एका पायावर भार देऊन. दिवसभर वॉर्डात उभं राहिलं की दुसरा पाय टेकवत नाही.

तुला वाटायचं मी रागाने उभी आहे. चेहराच तसा आहे, त्याला मी काय करू? बाक होता, बसता आलं असतं. आत आले असते तर तू चित्र ठेवून दिलं असतंस. अर्धं राहिलेलं चित्र तू दुसऱ्या दिवशी पुरं करायची नाहीस, मी बघितलं होतं. म्हणून दारात थांबायचे. तू पेन्सिल खाली ठेवेपर्यंत. तू घाई करायचीस, तेव्हा मी थोडी मागे सरकायचे, म्हणजे आरशात दिसणार नाही. तरी तुला दिसायचेच.

चित्रांना माझा विरोध कधीच नव्हता. उपाशी राहायला होता. तो अजून आहे.

अट नावाची होती. नाव नव्हतं, पण मी होते, आणि मी मला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले. माझ्या हिशोबाने चालतं.

मुख्याध्यापिकांना काल नाही म्हणून सांगून आले. जागा दुसऱ्या बाईंना दिली. मी त्यांचा वर्ग खिडकीतून बघितला. त्यांना वर्तुळ काढता येत नाही, ताटली ठेवून काढतात. मुलं बिचारी गप्प बसून बघत होती.

तुझी
आई